धारवाल्याची गाडी

आमचं आडनाव शिकलगार. उर्दूत 'सैकल' म्हणजे लोखंड घासून आणलेली झळाळी, आणि ती आणणारा तो सैकलगर. आमच्या सातारा-सांगलीकडच्या बोलीत त्याचा शिकलगार झाला. तलवारी गेल्या, संस्थानं गेली, धार लावायचं काम तेवढं उरलं. कुणी सायकलला दगड बसवून गल्लोगल्ली फिरलं, कुणी लेथवर गेलं, कुणी गॅरेजात. आमच्या अब्बांनी जुन्या येझदी मोटारसायकलच्या मागच्या चाकावर धारेचा दगड फिरवला. ती येझदी आम्ही दोघा भावांनी गेल्या दीड वर्षात, रविवार-रविवार करून, घराच्या अंगणात पुन्हा उभी केली. त्याचीच ही हकीकत.

अब्बा गेले २००२ साली. तेव्हा आमच्यातले थोरले, म्हणजे भाईजान, आठवीत होते आणि धाकटा पाचवीत. घरात एकाच्या शाळेपुरता पैसा होता. भाईजान एका गॅरेजात पाने उचलून द्यायला गेले. धाकटा शिकला, बी.एड. झाला आणि उर्दू शाळेत मास्तर झाला. लिहितो आहे तो धाकटा. पुढे २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. मुसलमान कामगार कोणकोणत्या धंद्यांत एकवटले आहेत हे सांगताना त्यात मोटारदुरुस्तीचाही उल्लेख होता. आमच्या घरी ती बातमी नव्हती. ती रोज सकाळी साडेआठला डबा घेऊन घराबाहेर पडायची.

गाडी १९७४ची. अब्बांनी ती १९८७ साली कऱ्हाडच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. सातारा हे काही दुचाकीला परकं गाव नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या इथल्या कारखान्यात 'प्रिया' स्कूटर तयार व्हायची आणि तिच्यासाठी लोक नंबर लावून बसायचे. अब्बांना स्कूटर नको होती. स्कूटरचं मागचं चाक पत्र्याच्या पोटात दडलेलं, त्यावर दगड कसा फिरणार? येझदीचं मडगार्ड कापता येत होतं.

या गाडीचं कूळही गमतीचं आहे. १९२९ साली प्रागमध्ये यानेचेक नावाच्या उद्योजकाने वाँडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनवायला घेतली. दोन्ही नावांची पहिली अक्षरं जुळवून 'जावा' झाली. मुंबईच्या रुस्तम इराणींनी ती म्हैसूरला आणली. १९६१पासून तिथल्या आयडियल जावा कारखान्यात ती तयार होऊ लागली आणि पुढे तिला येझदी हे नाव मिळालं. ते इराणातल्या यझ्द शहराशी जोडलं जातं. चेक पोटातली, इराणी नावाची, म्हैसूरची गाडी साताऱ्यात येऊन कोयत्यांना धार लावत होती. तो कारखाना १९९६ साली बंद पडला.

अब्बांची युक्ती साधी होती. मागच्या मडगार्डचा तुकडा कापून त्यांनी चासीला दोन लोखंडी पट्ट्या वेल्डिंगने जोडल्या. पट्ट्यांवर एक रबरी रोलर, रोलरच्या दांड्याच्या टोकाला दगड. गाडी मधल्या स्टँडवर घेतली की मागचं चाक अधांतरी. इंजिन सुरू करून दुसरा गिअर टाकायचा, रोलर टायरला टेकवायचा. चाक रोलरच्या सात-आठ पट मोठं, म्हणजे चाकाची एक फेरी होईतो दगडाच्या सात-आठ. पायाने पेडल मारायला नको, दोन्ही हात पात्याला मोकळे.

अडचण एकच. हे इंजिन वाऱ्याने थंड होतं आणि उभ्या गाडीला वारा नाही. त्यामुळे दहा मिनिटं काम आणि दहा मिनिटं विडी, असा अब्बांचा हिशोब असे. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की ते तोडकऱ्यांच्या तळांवर जात. बीडकडून आलेली जोडपी पहाटे अंधारात फडावर निघायची, त्याआधी कोयते तयार हवेत. ऑक्टोबरात आणि एप्रिलात तासगावकडे द्राक्षाच्या छाटणीच्या कात्र्या. बकरी ईदच्या आधी मोहल्ल्यातले सुरे. मधल्या दिवसांत शिंप्यांच्या कात्र्या आणि घराघरांतल्या विळ्या. गावं त्यांना नावाने ओळखत नसत. 'धारवाल्याची गाडी आली' एवढंच पोरं ओरडायची.

ते गेल्यावर गाडी वीस वर्षांहून जास्त काळ ताडपत्रीखाली होती. टाकीत गंज, रबरं दगडासारखी, सीटमध्ये उंदरांची तीन पिढ्यांची वस्ती. बी.एड.वाल्याला वाटलं, साफ करून किक मारू. भाईजान म्हणाले, "आधी उघडून बघायचं. माणूस वीस वर्षांनी उठला तर त्याला लगेच पळवतोस का?"

इंजिन उघडलं त्या रविवारी आमच्यात एक शाळा भरली. पिस्टन हातात घेऊन भाईजान बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी तो फिरवून दाखवला. एका अंगाला गुळगुळीत, आणि सायलेन्सरच्या अंगाला उभे ओरखडे, काळे पडलेले. "रस्त्यावर पळणाऱ्या गाडीचा पिस्टन असा होत नाही," ते म्हणाले. "ही उभ्याने तापलीय. दहा मिनिटांची पंधरा मिनिटं होत होती." कुठल्या तळावर गिऱ्हाईकं जास्त असतील, घाई असेल, घरी काही लागत असेल. अब्बांच्या धंद्याची वही कुणी लिहिली नव्हती. जी काय होती ती त्या पिस्टनवर होती, आणि आमच्यातल्या आठवी झालेल्याला ती वाचता येत होती.

बोअर कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून आणला आणि त्या मापाचा पिस्टन टाकला. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत आणि जुन्या बाजारात हिंडून मिळवले. ऑइल सील, गास्केट, क्लचप्लेटी नव्या. पॉइंट साफ केले. त्यांची उघडझाप भाईजान अजूनही पातळ कागद धरून बघतात, कागद सुटला की ठिणगीची वेळ. या गाडीची किक आणि गिअर एकाच दांडीत आहे, आत दाबून वर वळवली की गिअरची किक होते. तिची स्प्रिंग बसवण्यातच दोन रविवार गेले. मूळ वायरिंग सहा व्होल्टचं, दिवा काजव्यासारखा. भाईजाननी ते बारा व्होल्टचं केलं. त्यावर आमचं थोडं वाजलं. धाकट्याचं म्हणणं, जुनं ते जुनंच राहावं. भाईजानचं म्हणणं, खड्डा दिसला पाहिजे.

सिलिंडर अंगणात पडला होता तेव्हा धाकट्याने तो पिशवीत घालून शाळेत नेला. मराठी शाळेत ज्याला वृत्तचिती म्हणतात तो आमच्याकडे उस्तुवाना. पासष्ट मिलिमीटर व्यास, पंच्याहत्तर मिलिमीटर धाव, काढा हजम. पोरांनी काढलं, सुमारे २४९ घन सेंटिमीटर. म्हणून हिला अडीचशे सीसी म्हणतात, हे कळल्यावर मागच्या बाकावरचा एकजण, जो दुपारनंतर गॅरेजात जातो, उठून म्हणाला, "सर, बोअर वाढवला तर सीसी पण वाढेल ना?" बी.एड.ला असताना ज्ञानरचनावादावर आम्ही बारा पानं लिहिली होती. त्यात असं वाक्य नव्हतं.

पेट्रोलचाही नवा प्रश्न निघाला. ही टू-स्ट्रोक, हिच्या पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागतं, लिटरला ४० मिलि, कारण मिश्रण क्रँकच्या पोटातून जातं आणि तिथलं वंगण तेच. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुनी रबरं फुगवतं. "ज्या उसाच्या कोयत्यांना अब्बांनी धार लावली, तोच ऊस आता टाकीत येऊन बसलाय," भाईजान म्हणाले आणि त्यांनी पेट्रोलची नळी, कॉकची रबरं सगळी नव्या जातीची घातली.

खरा पेच नंतर आला. गाडी सुरू झाल्याची बातमी फिरली आणि पुण्याचे एक गृहस्थ बघायला आले. जुन्या गाड्या जमवणारे, जाणकार, बोलायला सभ्य. दीड लाख देतो म्हणाले. अट एक, मागच्या पट्ट्या कापून, वेल्डिंग घासून, मडगार्ड पूर्ववत करून मिळावं. त्यांचंही चुकत नव्हतं. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांवरची दुचाकी असेल तर 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार. पण गाडी मूळ रूपात हवी, चासीत फेरफार नको. आमच्या गाडीला २०२४ मध्ये पन्नास पुरी झाली होती. वयात बसत होती, रूपात नाही.

नेमकं त्याच वेळी भाईजानच्या गॅरेजची जागा रस्तारुंदीत जाणार होती. दुसऱ्या जागेला लाख रुपये अनामत हवी होती. भाईजाननी खडूने पट्ट्यांवर खुणा केल्या आणि ग्राइंडर बाहेर काढला. "पैसा होना है," एवढंच म्हणाले. अम्मी ओसरीवर बसली होती. "काटना है तो मेरे सामने नको काटो," म्हणाली आणि आत गेली.

आम्ही त्या संध्याकाळी पुष्कळ बोललो. जुन्या वस्तूंचा शौक वाईट नाही. त्या शौकामुळेच कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी हिचे भाग मिळतात. पण कंपनीने केलं ते मूळ आणि गरिबाने पोटासाठी केलं तो फेरफार, ही वाटणी आम्हाला पटेना. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी दुचाकीचे आणि भंगारातले भाग जोडून किकवर सुरू होणारी छोटी जीप केली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, हेही त्यांनीच म्हटलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात बोलेरो दिली. लोहार आणि शिकलगार शेजारचीच माणसं. भाईजान हसून म्हणाले, "आपल्याला कोण बोलेरो देणार? आपल्याला अनामत द्यायचीय."

ती अनामत शिक्षकांच्या पतसंस्थेतून उचलली, धाकट्याच्या पगारावर. भाईजान आठ दिवस नाही म्हणत होते. "तुझ्या पोरांचं बघ," म्हणत होते. २००२ साली त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं, हे धाकट्याने तोंडावर आणलं नाही. शेवटी अम्मीने अर्ज त्यांच्यापुढे ठेवला आणि जामीनदाराच्या जागी कुणाची सही घ्यायची एवढंच विचारलं. पुण्याच्या गृहस्थांना फोन करून नकार कळवला. ते म्हणाले, पट्ट्यांसकट घ्यायची वेळ आली तर कळवा, फोटो तरी काढून घेईन.

खडूच्या खुणा पावसाळ्यात गेल्या. माळ्यावर दगड सापडला, एका बाजूने झिजलेला, पण फुटलेला नाही. रोलरचं रबर नवं चढवलं. रस्त्यावर नेताना रोलर आणि दगड उतरवून ठेवतो, अंगणात चढवतो. पहिल्यांदा फिरवला तेव्हा भाईजाननी घड्याळ लावून बरोबर दहा मिनिटांनी इंजिन बंद केलं. एवढ्यात मागच्या गल्लीतल्या काकू आवाज ऐकून विळी घेऊन आल्या. घरचीच माणसं म्हणून आम्ही पैसे नको म्हणालो. अम्मी आतून आली, वीस रुपये मागून घेतले आणि म्हणाली, धंद्याची गाडी आहे, फुकट चालवायची नाही.