घोडीचं ठाण

घोड्याचं ठाण बांधायचं तर पहिलं माप जमिनीचं नाही, घोड्याचं घ्यावं लागतं. बैल मान खाली घालून दावणीकडे जातो, म्हणून आमच्याकडच्या गोठ्यांची दारं बुटकी असली तरी पिढ्यान्‌पिढ्या भागून गेलं. घोडं दचकलं की आधी मान वर फेकतं; चौकट बुटकी असली तर डोकंच फुटायचं. घोडं लोळतं आणि उठताना पुढचे दोन्ही पाय पसरून एका झटक्यात अंग उचलतं. त्या वेळी भिंत फार जवळ असली तर पाय अडकतात, आणि अडकलेलं घोडं घाबरून स्वतःलाच मोडून घेतं. म्हणून ठाण लांबी-रुंदीला १२ फूट, दार ४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. हे आकडे ऐकून आबा म्हणाले, "माणसाच्या खोल्या १० फुटांच्या, अन्‌ जनावराला १२?" पण घोडीभोवती एक फेरी मारून आल्यावर त्यांनीच खुंट्या ठोकायला घेतल्या.

घोडी माळेगावची. लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं ठिकाण, यात्रा मार्गशीर्षात. देवच घोड्यावर बसणारा, तेव्हा त्याच्या दारात घोड्यांचा बाजार भरावा यात नवल नाही. उंट येतात, गाढवं येतात, कंधारकडची तांबडीभडक लाल कंधारी बैलं येतात, लातूरकडून देवणी येतात. पण माळावर धूळ उठते ती घोड्यांच्या टापांनी. घेणारा दात बघतो, पाय उचलून खूर बघतो आणि मग बराच वेळ अंगावरचे भोवरे शोधत राहतो. गळ्यावर देवमण असलं तर मालक किंमत उतरवत नाही. आमच्या घोडीला देवमण नाही, पंचकल्याणीही नाही ती. साधी कुमैत, कपाळावर बोटभर टिकली. पण माळेगावच्या त्या गलक्यात ती कान पुढे करून उभी होती, आणि आबांच्या वडिलांकडे कंधारच्या बाजाराला जायला असलेलं तट्टू असंच उभं राहायचं म्हणे. एवढ्यावर सौदा झाला.

आमचं रान काळ्या मातीचं. कापूस आणि तूर देणारी ही माती घर बांधणाऱ्याला मात्र सुखानं बसू देत नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर टेकलेलं सगळं वर-खाली होत राहतं. खड्डे मुरूम लागेपर्यंत खणावे लागतात. पहार आधी चिकट मातीत रुतते, मग एका घावाला आवाज बदलतो, खणखणीत होतो, आणि खणणारा अंग सैल सोडतो. हा बदललेला आवाज हातानं खणणाऱ्यालाच ऐकू येतो. यंत्र लावलं असतं तर काम सकाळच्या प्रहरात उरकलं असतं; पण कोणत्या कोपऱ्यात मुरूम वर आहे आणि कुठे तो खोल बुडाला आहे, हे आमच्या खांद्यांना कळलं नसतं.

छताचा वाद मोठा झाला. आबांना माळवद हवं होतं. त्यांचं चुकीचं नव्हतं. आमच्याकडं वैशाखात पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि पांढऱ्या मातीच्या माळवदाखाली दुपारी जी गार सावली मिळते, ती सिमेंटला आजवर देता आलेली नाही. तुळया, त्यांवर आडवी लाकडं, वर किलच्या, पाला, चिखल आणि शेवटी पांढरी. दर साली मृगाच्या आधी गळती दिसेल तिथं आणखी एक थर. घरं अशीच वाढली, आणि त्यांच्या डोक्यावरचं ओझंही.

आमचे मिस्त्री औशाकडचे. छताचं निघालं तेव्हा ते काही बोलले नाहीत, रंधा ठेवून बाहेर जाऊन बसले. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली तेव्हा ते ऐन विशीत होते. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले. सहाच्या वरचा भूकंप, तोही जिथं कुणाच्या स्वप्नात आला नव्हता अशा दख्खनच्या कातळात. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावं भुईसपाट झाली, हजारो माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक आपल्याच घराखाली. भिंती दोन-तीन फूट रुंद होत्या, पण आतल्या-बाहेरच्या दोन पाळ्या नुसत्या मातीत रचलेल्या. दोन्हींना बांधून ठेवणारा आरपार दगड नव्हता. हलल्यावर त्या पाळ्या एकमेकींपासून सुटल्या आणि वरची दीड-दोन फूट माती झोपलेल्यांवर आली. जिथं माळवद भिंतींवर नव्हे तर लाकडी खांबांवर पेललेलं होतं, तिथं काही ठिकाणी भिंती पडल्या तरी छत वर राहिलं आणि खालची माणसं निघाली.

मिस्त्री परत आले आणि एवढंच म्हणाले, "भार भितीवर नको मालक. खांबावर टाका. भीत पडली तर पडू द्या, जीव राहतो."

आबा यावर वाद घालायला गेले नाहीत. त्या दिवसापासून ठाणाचा सगळा आराखडा त्या एका वाक्यावर उभा राहिला. मला हे आमच्या भागाचं खरं बांधकामशास्त्र वाटतं. ते पुस्तकांतही आलं, पुनर्वसनाच्या कार्यक्रमातही आलं. पण आमच्याकडे ते एका माणसाच्या गप्प बसण्यातून आलं.

खांब बाभळीचे. किनवटच्या जंगलातला साग आमच्याच जिल्ह्यातला, पण तो आमच्या खिशाचा नाही. बाभूळ बांधावर असते, आणि पाण्यात मुरवली तर भुंगा तिच्या वाटेला जात नाही. विहिरीतून काढलेली लाकडं काळपट, जड, वासानं नकोशी वाटणारी. वाळल्यावर मात्र त्यांत खिळा शिरेना. प्रत्येक खांबाला वर दोन्ही बाजूंनी तिरप्या टेका दिल्या, कारण नुसता उभा खांब भार पेलतो, हिसका पेलत नाही. वर उतरते पत्रे, आणि पत्र्याखाली हातभर पोकळी सोडून तुराट्यांचं दाट छत, खालून शेणमातीनं सारवलेलं. वारा मधल्या पोकळीतून जातो. माळवदाचा गारवा नाही, पण घोडी धापा टाकत नाही. भिंती म्हणजे तुराट्यांचे कूड. फक्त खालचे चार फूट फळ्यांचे, कारण घोडीची लाथ कूड मानत नाही.

तुराटी हलकी, पण जळते. इथं मला शिवाजी महाराजांचं १६७३ सालचं पत्र आठवत राहिलं, चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना धाडलेलं. राज्याचा धनी त्यात बजावतो की दाणावैरण आताच उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. कुणी भलत्या जागी चूल पेटवील, कुणी गवताजवळ तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच ठेवाल तर उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताच्या गंजी पेटतील आणि पागा बुडेल. ज्याच्यापुढे दिल्ली आणि विजापूर होतं, त्यानं उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार केला. आमची कडब्याची गंज ठाणापासून लांब, वाऱ्याच्या उलट अंगाला रचली, आणि विजेचं बटण बाहेरच्या खांबावर बसवलं.

जमीन मुरुमाची, धुमसानं ठोकून, मागे चार बोटं उतार देऊन. मूत साचलं की खुराचं मऊ पोट नासतं, आणि तो वास कोंडला तर घोड्याच्या छातीत जातो. गव्हाण छातीच्या खाली ठेवली. चरताना घोड्याची मान खालीच असते, तसंच खाल्लेलं त्याला सोसतं. कडब्याची प्रत्येक पेंढी सोडून हुंगायची, बुरशी दिसली की बाजूला काढायची. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं वाईट बाहेर काढायची वाट निसर्गानं त्याला ठेवलेली नाही, म्हणून ते पाहणं आपल्याकडे येतं.

घोड्याची सेवा कशी करतात ते पाहायला लांब जायला नको. नांदेडला गुरू गोविंदसिंहजींनी १७०८ मध्ये देह ठेवला, आणि हजूर साहिबला आजही घोडे आहेत. गुरूंच्या घोड्याच्या वंशातले, अशी परंपरा. त्यांच्यावर कुणी बसत नाही. होळीच्या आणि दसऱ्याच्या मिरवणुकीत ते सजून पुढे चालतात, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं हात जोडतात. हे मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलं आहे. ती रिकामी पाठ पाहिल्यावर घोडं फक्त बसण्यासाठी असतं असं मला पुढे कधी वाटलं नाही.

ठाणात घोडी पहिल्यांदा आली तेव्हा उंबऱ्याशी थांबली, नाकपुड्या फुगवून मुरूम हुंगला, पाऊल टाकलं, मागे घेतलं. आबांनी ओढू दिलं नाही. पूर्वेच्या कुडाला मान बाहेर काढता येईल एवढी खिडकी ठेवली आहे. तिथून शेळ्या दिसतात. घोडं कळपातलं जनावर, एकटं कोंडलं की झुरतं. शेळ्या दिसल्यावर ती आपणहून आत गेली. चार-आठ दिवस ती उभ्यानंच झोपली. मग एका सकाळी तिच्या कुशीला मुरुमाची धूळ चिकटलेली दिसली. घोडं आडवं होतं ते जागेची खात्री पटली की. आबा खरारा घेऊन गेले आणि ती धूळ झाडण्याआधी त्यांनी मला हाक मारली.

आता ती गाभण आहे. घोडी ११ महिने पोट वाहते, म्हणजे शिंगरू ऐन पावसाच्या तोंडावर येईल. आई-लेकराला एवढी जागा पुरायची नाही. पश्चिमेचा कूड काढून ठाण वाढवावं लागेल. मिस्त्रींना निरोप धाडला आहे. बांधावरच्या दोन बाभळी आबांनी तोडायला लावल्या, आणि त्यांची लाकडं कालच दोर बांधून विहिरीत सोडली.