रिकामा गट

ज्याला स्वतःचा चष्मा कोठें ठेवला हें सांगतां येत नाहीं, त्याच्याकडे दुसऱ्यांची नांवनिशी सोंपवावी असा आमच्या महाविद्यालयांतील वरिष्ठांचा कांहीं सिद्धांत असावा. नाहीं तर इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत तीस वर्षें घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाकडे संगणकांतील नामावलीचें काम कां यावें? गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत तें आलें खरें; आणि करमाळ्याचा उन्हाळा ज्यांस ठाऊक आहे, त्यांना पंख्याखालीं बसावयास मिळेल एवढ्याच लोभानें आम्हीं तें पत्करलें हें ऐकून नवल वाटणार नाहीं.

काम दिसावयास सोपें होतें. प्रत्येक अध्यापकाची व विद्यार्थ्याची एक नोंद. नोंदींत नांव, पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक. आणि प्रत्येक नोंद एका किंवा अनेक गटांत घातलेली. परीक्षा समितीच्या गटाला पत्र धाडलें कीं तें तिच्या सर्व सभासदांस पोंचतें. ग्रंथालयाच्या गटांत नांव असलें कीं तेथील ग्रंथसूची उघडते. माणूस कोण हें नोंद सांगते. त्याला काय करतां येईल हें गट ठरवितो. ही व्यवस्था फार जुनी नाहीं. तार व दूरध्वनि यांविषयींच्या आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीनें १९८८ सालीं ‘एक्स.५००’ नांवाचें मानक प्रसिद्ध केलें. तें फार अवजड ठरल्यामुळें १९९३ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठांत त्याचें हलकें रूप तयार झालें. त्यालाच ‘एल्डॅप’ म्हणतात. आमची नामावली याच वंशांतली.

गटांत माणसें घालण्याची हौस मात्र आपल्याकडे पूर्वापार आहे. राव रंभा निंबाळकरांनीं अठराव्या शतकांत बांधविलेल्या आमच्या गांवच्या श्रीकमलाभवानीच्या देवालयाशीं शहाण्णव हा आंकडा जडलेला आहे. खांब शहाण्णव, विहिरीच्या पायऱ्या शहाण्णव, असें येथें कोणीही सांगेल. मराठ्यांचीं कुळेंही शहाण्णवच. परंतु त्या कुळांच्या निरनिराळ्या याद्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या, तों नांवें जुळत नाहींत! आंकडा पक्का, सभासद मात्र बदलते. हें आठवलें तेव्हां आमच्या नामावलींतील गोंधळाचा आमचा राग निम्मा ओसरला.

गोंधळ थोडाथोडका नव्हता. एकाच मुलीच्या दोन नोंदी, एक माहेरच्या नांवाची व एक सासरच्या. निवृत्त झालेले गृहस्थ अद्याप परीक्षा समितींत. आणि भीमाकांठच्या कित्येक मुलांचे पत्ते अर्धे जुन्या गांवठाणाचे, अर्धे नव्या. उजनी धरणाच्या पाण्याखालीं तीं गांवठाणें गेलीं त्याला चार दशकें उलटलीं. गांव उठलें, दुसरीकडे वसलें, पण नांव तेंच राहिलें. नामावलीचाही असाच कांहीं न्याय आहे. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेंत प्रत्येक खात्याला एक अंतर्गत क्रमांक असतो. खात्याचें नांव बदललें किंवा तें एका विभागांतून दुसऱ्यांत हलविलें, तरी क्रमांक टिकतो, गट टिकतात. पण तें पुसून त्याच नांवानें नवें केलें, तर जुने गट त्याला ओळखत नाहींत. म्हणून जाणते लोक खातें एकदम पुसून टाकीत नाहींत. तें आधीं निद्रिस्त करून ठेवतात.

अशा रीतीनें याद्या चाळतां चाळतां आम्ही ‘संस्कृत’ या गटापाशीं आलों. त्यांत एकच नांव होतें, आणि तें आमच्या एका स्नेह्यांचें होतें. त्यांना जाऊन चौदा महिने झाले होते. त्यांचा विभाग म्हणजे एकखांबी तंबू, अशी आम्ही नेहमीं थट्टा करीत असूं. एकदां जेऊरच्या स्थानकावर पहांटेच्या गाडीची वाट पाहतांना त्यांनीं शांतपणें उत्तर दिलें होतें, “अहो, तंबूला खांब एकच असतो. ओढून धरणाऱ्या दोऱ्या मात्र पुष्कळ लागतात. त्या कोठें आहेत तें बोला.” आम्ही हंसलों होतों.

आम्ही नांव काढावयास गेलों, तों यंत्रानें नकार दिला. एल्डॅपमध्यें नांवांच्या गटाची जी मूळ व्याख्या आहे, तिच्याप्रमाणें गटांत निदान एक तरी सभासद असावाच लागतो. गट रिकामा राहूं शकत नाहीं. एक तर तो मोडावा, नाहीं तर दुसरें कोणी आंत घालावें. आमच्या मदतीला दिलेला तरुण म्हणाला, “सर, एखादें खोटें नांव घाला. सगळे तसेंच करतात.” गट मोडावयास आमचा हात धजेना. खोटें नांव तेथें बसविणें त्याहून वाईट वाटलें. शेवटीं आम्हीं स्वतःचें नांव घातलें आणि स्नेह्यांचें काढलें. घरीं येतांना मात्र मनांत आलें, कीं शाळेंत पाठ केलेल्या रूपांपलीकडे ज्याला संस्कृत येत नाहीं, त्याचें नांव तरी तेथें कितपत खरें?

त्या प्रश्नाचें उत्तर जुलैमध्यें आलें. गटाच्या पत्त्यावर एका विद्यार्थिनीचें पत्र होतें. गांव केम, तेथलें कुंकू महाराष्ट्रांतल्या घराघरांत जातें. तिला संस्कृत शिकावयाचें होतें. शिकविणारें कोणी आहे काय, असें तिनें विचारलें होतें. ‘विभाग बंद आहे’ एवढे तीन शब्द लिहून मोकळें होतां आलें असतें. आम्हीं ते लिहिलेही, आणि धाडावयाच्या आधीं खोडले.

दुसऱ्या दिवशीं आम्ही वहिनींकडे गेलों. त्यांनीं कांहीं न विचारतां कपाट उघडून दिलें. ‘हितोपदेशा’च्या समासांत स्नेह्यांच्या बारीक अक्षरांतल्या टिपा आहेत, त्यांच्याच आधारानें आमचें चाललें आहे. दर शनिवारीं ती मुलगी येते, आणि तिच्या पुढें दोन पानें राहण्यासाठीं आम्हांस शुक्रवारची रात्र जागावी लागते. आमच्या चुका ती अद्याप ओळखीत नाहीं. लौकरच ओळखूं लागेल असें दिसतें.

स्नेह्यांची नोंद आम्हीं पुसलेली नाहीं. निद्रिस्त ठेवली आहे. गटांत आतां दोन नांवें आहेत. दुसरें तिचें; तें आम्हीं परवां घातलें. यंत्रानें कसलीही हरकत घेतली नाहीं.