वाडा कुणाचा?

नारायण धारपांची 'लुचाई' ही भयकादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती डहाणूत, आषाढात, वीज गेलेली असताना. तेव्हापासून माझी प्रत कुणाकुणाकडे फिरते आहे. ती परत येते तेव्हा सोबत वाचणाऱ्याचं मतही येतं, आणि मी त्याचीच वाट पाहत असतो.

स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'वरून ती बेतली आहे, हे कळलं की काही जण हिरमुसतात. मला तसं वाटत नाही. मूळ वाचूनही धारपांच्या गावात संध्याकाळ झाली की मी उठून खिडकी लावून घेतली होती. शेजारच्या काकूंना भूत दिसण्याआधीची पानं आवडली. "ते घर नुसतं उभं असतं ना, तेच जास्त भिववतं," असं त्या म्हणाल्या.

तलासरीकडच्या माझ्या वारली सहकारी मित्राचं मत मात्र वेगळंच होतं. "सर, आमच्याकडे वाडा म्हटलं की भूत नाही आठवत, सावकार आठवतो."

आमच्या भागात वाडी म्हणजे चिकूची बाग आणि वाडा म्हणजे जमीनदाराचं घर. मित्राचा आजा लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी लग्नगडी म्हणून अशाच एका वाड्यावर राबला. वेठ चुकवली की माणसाला बांधून मारत. अंधार पडल्यावर त्या भिंतीजवळून जायला आजा म्हातारपणीही तयार नसे. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात वारली जमले आणि वेठबिगारीला नकार देऊन उठले. त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये ते सगळं लिहून ठेवलं आहे. भयकथांच्या कपाटात ते पुस्तक कुणी ठेवत नाही. पण त्यातल्या वाड्यांइतकी भीती मला दुसऱ्या कुठल्याही घराची वाटलेली नाही.

मित्राच्या बोलण्यावरून मला इंग्रज लेखक होरेस वॉलपोल आठवला. अशा झपाटलेल्या घरांच्या जातीची पहिली कादंबरी मानतात ती त्याची, १७६४ ची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'. तिच्यातला किल्ला बळकावलेला आहे. आजोबाने खऱ्या धन्याला विष देऊन तो मिळवला आणि नातू त्यात राज्य करतो. त्या धन्याचंच भूत वाढत वाढत शेवटी भिंती पाडतं. वॉलपोलचं नावही न ऐकता माझा मित्र नेमका तिथेच पोचला होता.

त्याने 'लुचाई' संपवली ती ताडपत्रीच्या तंबूत. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि तलासरीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले. जमिनीतून गडगडाट यायचा, भिंतींना तडे जायचे. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. थंडीत माणसं मुलाबाळांसकट बाहेर झोपू लागली. पुस्तक परत देताना तो म्हणाला, "पुस्तकातल्या घरात कुणीतरी पाप केलेलं असतं. आमच्या घरानं काय केलं होतं, सर?"

मला काहीच बोलता आलं नाही.

धारप मला प्रिय आहेत आणि पुढेही राहतील. पण आमच्या वाड्याची कादंबरी अजून माझ्या हाती आलेली नाही. जिच्यात भूत असेल ते जमिनीच्या खऱ्या धन्याचं आणि घाबरेल तो आत राहणारा, अशी कादंबरी मला वाचायची आहे. ती वारली घरातल्या मुलानं किंवा मुलीनं लिहावी. कुणी लिहायला घेतली असेल, तर अर्धी असली तरी मला वाचायला द्या.