खडीची हौस

आमच्या घरातल्या अ‍ॅटलस सायकलच्या टायरवर 28 × 1½ असे आकडे उठवलेले असत. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. माझ्या पुतणीने अलीकडे जी ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांसाठीची सायकल, घेतली, तिच्या टायरवर 700 × 40 लिहिलंय. म्हणजे चाळीस मिलिमीटर. मधल्या काळात शौकीन सायकलवाले टायर बारीक बारीक करत तेवीस मिलिमीटरपर्यंत उतरले आणि शेवटी दीड इंचावर परत येऊन थांबले. दोन चाकांत ऐसपैस अंतर, पुढचा फोर्क जरा जास्त कललेला, त्यामुळे खड्ड्यातही हँडल हातातून निसटत नाही, हे गुण अ‍ॅटलसमध्येही होतेच. फक्त तेव्हा ते कुणी गुण म्हणून सांगत नसे. ती सायकल वीस किलोच्या आसपास भरायची, ही तिच्या निम्म्याने. तिला गिअर नव्हते, आणि तिचे रॉड ब्रेक पावसाळ्यात नुसता आवाज करायचे. एवढा फरक मात्र मोठा आहे, नाकारत नाही.

बाबा म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये होते. 1950 साली चेलुवांबा महालात सुरू झालेल्या त्या अन्न-संशोधन संस्थेत महाराष्ट्रातून आलेली बरीच मंडळी होती. आम्ही वोंटिकोप्पलला राहायचो. बाबांच्या एका सहकाऱ्याची शेती पांडवपुराच्या बाजूला होती, तिथे गुऱ्हाळ चाले. हंगामात गूळ आणायला मला पाठवत. आईला हवी असायची कोल्हापुरी ढेप. मिळायचा मंड्याकडचा गूळ, साच्यातून काढलेल्या लहान लहान वड्यांचा. दरवेळी ती नाक मुरडे आणि दरवेळी पुढच्या खेपेची पिशवी शिवून ठेवी.

श्रीरंगपट्टणपर्यंत डांबर असे. मग दिवाण पूर्णय्यांच्या कारकिर्दीत, 1804 साली बांधलेला दगडी खांबांचा वेलस्ली पूल ओलांडायचा आणि आत वळलं की मुरूम. मुरमी रस्त्याचं एक शास्त्र होतं. बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या असत. त्यांत चाक घातलं की पॅडल मातीला लागे. मधल्या उंचवट्यावर मोकळी खडी. खरी वाट असायची अगदी कडेला, माणसांच्या पायांनी गुळगुळीत केलेली, वीतभर रुंदीची. समोरून कोणी पायी आलं तर आपण खडीत उतरायचं, त्याने नव्हे. हा नियम कुणी शिकवला नव्हता. पहिल्याच म्हातारबाबाने एकदा जे बघितलं, त्यावरून कळला.

वाटेत हमखास प्रश्न यायचा, कुणाकडे निघालास? आणि माझ्याकडे उत्तर असे. अमक्यांच्या गुऱ्हाळावर. मग पुढचं सगळं सोपं होई. कोणी जवळची वाट दाखवी, कोणी परतताना निरोप न्यायला सांगे, कोणी रसाचा पेला पुढे करी. आमचं आडनाव कोणी विचारत नसे. म्हैसूरकडे मराठी माणूस म्हणजे 'राव'. लॅबवाल्या रावांचा मुलगा एवढी ओळख त्या दहा-बारा मैलांच्या टापूत पुरेशी होती.

पुतणी त्याच भागात जाते, पण बहुतेक कालव्यांच्या काठाने. कण्णंबाडीच्या धरणातून, म्हणजे कृष्णराजसागरातून, निघालेला विश्वेश्वरय्या कालवा आणि त्याच्या शाखा यांच्या बाजूने पाटबंधारेवाल्यांच्या कच्च्या वाटा आहेत. कावेरीकाठी त्याहून कितीतरी जुने, सतराव्या शतकातल्या वोडेयारांचे कालवेही अजून वाहतात. सपाट मुरूम, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि भात. तिच्याबरोबर मी जातो तेव्हा मान्य करावं लागतं की हा रस्ता आमच्या गूळ-रस्त्यापेक्षा देखणा आहे. धोक्याचाही आहे. 2018 च्या नोव्हेंबरात कनगनमरडीजवळ बस कालव्यात कोसळून तीस माणसं गेली. कित्येक ठिकाणी काठाला कठडा नाही. फोटो काढायला एका हाताने सायकल चालवणाऱ्यांना मी तिथे खडसावतो. काका फार ओरडतात अशी माझी ख्याती झाली आहे.

तिलाही लोक विचारतात, कुठे निघालात? ती म्हणते, कुठे नाही, असंच. विचारणारा सभ्यपणे हसतो आणि संभाषण तिथेच संपतं. मला त्या काळाची आठवण येते ती इथे. पूर्वीच्या मुरमाची नव्हे. मुरमाने माझे गुडघे फोडले आणि गुळाच्या वड्यांचा भुगा केला, त्याची कसली आठवण काढायची! पण त्या वाटेवर माझं काम होतं, आणि काम असलेल्या माणसाला गाव आत घेतं. पुतणीला गाव रस्ता देतं, पाणी देतं, सायकलची किंमत विचारतं. खरी किंमत ती कधीच सांगत नाही. बरोबरच करते, त्या पैशात तिथे एक चांगली जुनी मोटारसायकल येते.

तोण्णूरचं तळं हे बाबांचं आणि पुतणीचं, दोघांचंही आवडतं ठिकाण. हाच आपल्या इतिहासातला मोती तलाव. 1771 साली त्रिंबकराव पेठ्यांच्या फौजेने हैदरअलीचा पुरता पराभव केला तो याच परिसरात. बाबा काठावर उभे राहून ती लढाई रंगवून सांगत, तोफांसकट. पुतणी तिथे चाकातली हवा कमी करते, कारण पुढे मोकळी खडी लागते आणि नरम टायर खडीला धरून चालतो. लढाईची गोष्ट मी तिला सांगितली. तिने विचारलं, एवढी फौज, एवढे बैल, त्या सगळ्यांना रस्ता कुठला होता? बाबांना हा प्रश्न आवडला असता. त्यांनी उत्तर म्हणून आणखी तासभर घेतला असता.

पंक्चरची गोष्ट वेगळीच. तेव्हा दर मोठ्या गावात चिंचेखाली एक पेटी, एक पाण्याचं घमेलं आणि एक मुलगा असे. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा शोधायचा, कानशीने घासून ठिगळ लावायचं. आता ट्यूबच नाही. टायरमध्ये दुधासारखं द्रव ओतलेलं असतं, काटा रुतला की तेच भोक बुजवतं. मात्र मोठी चीर गेली की ते उपयोगाचं नाही, आणि तेव्हा गंमत होते. गावातला दुकानदार कॉम्प्रेसर घेऊन तयार, पण या सायकलचा व्हॉल्व्ह पेन्सिलीसारखा बारीक, प्रेस्टा जातीचा. मोटारसायकलच्या नळीला तो बसतच नाही. खिशात जोड-नळी नसेल तर हवेच्या दुकानात उभं राहून हवा मिळत नाही.

अमेरिकेत कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये 2006 साली दोनशे मैलांच्या खडीच्या शर्यती सुरू झाल्या आणि हा खेळ जगभर पसरला. 2022 मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. तिथल्या खेड्यांत या प्रकाराकडे कसं बघतात ठाऊक नाही. आपल्याकडे शहरातला माणूस स्वखर्चाने खराब रस्ता शोधत येतो, हे अजून कुणाला पटलेलं नाही.

जंगलाचं तर चित्रच पालटलं. आमच्या लहानपणी हेग्गडदेवनकोटेहून काकनकोटेकडे जाताना लोक सायकली बसच्या टपावर बांधत आणि अंतरसंतेच्या पुढे कुठेतरी उतरून वस्त्यांवर जात. हत्ती पकडण्याचा तिथला शेवटचा खेड्डा 1971 चा; खेड्ड्याच्या नदीकाठाचा बराच भाग पुढे काबिनीच्या धरणाखाली गेला. 1973 मध्ये बंदीपूर व्याघ्र प्रकल्पात आलं, नागरहोळेही पुढे त्याच वाटेने गेलं. आज जंगलातल्या कच्च्या वाटा गस्तीच्या जीपच्या आहेत. डांबरी रस्त्याने पलीकडे जाता येतं, पण मध्ये थांबायचं नाही आणि रात्री फाटक बंद. ग्रॅव्हलवाले जंगलाच्या शिवेवरून जातात: एका अंगाला हत्तींसाठी खणलेले चर किंवा जुन्या रुळांचं कुंपण, दुसऱ्या अंगाला कापूस आणि मका. हे मला योग्यच वाटतं. पहाटे हत्तीला सामोरं जायची हौस सायकलवर बसून भागवू नये. जेनू कुरुबांसारख्या ज्या लोकांच्या त्या वाटा होत्या, त्यांतल्या कित्येकांनाही तिथून बाहेर पडावं लागलं. त्यांच्यापुढे आमची हळहळ काढणं बरं नव्हे.

दरम्यान डांबराने दुसरीच कामं पत्करली आहेत. पूर्वी नाचणीचं खळं वेगळं असे, शेणाने सारवलेलं, दगडी रूळ फिरवलेलं. आता सुगीत कणसं आणि हुलग्याच्या झाडोऱ्याचा ढीग सरळ रस्त्यावर पसरतात; लॉऱ्या आणि बस मळणी करून जातात. बारीक टायरवाला त्यावरून हमखास घसरतो. पुतणीचा चाळीस मिलिमीटरचा टायर आरामात पार होतो, आणि कणसं पसरणाऱ्या बायका तिला बघून टाळ्या पिटतात. 2023 मध्ये बंगळुरूचा द्रुतगती मार्ग सुरू झाला, काही महिन्यांतच मुख्य मार्गिकेवर दुचाक्यांना आणि सायकलींना मज्जाव झाला. त्यामुळे श्रीरंगपट्टणला आता सेवा रस्ता आणि बोगदे शोधत जावं लागतं.

गेल्या थंडीत गुऱ्हाळाच्या जुन्या वाटेचा शेवटचा कच्चा तुकडा आम्ही चाललो. गुऱ्हाळ बंद आहे, चुलवाणाच्या जागी नारळ लावलेत. पंचायतीचे एक सदस्य मोटारसायकल थांबवून बोलायला आले. रस्ता मंजूर झालाय, दोन-चार महिन्यांत काम लागेल, असं त्यांनी आनंदाने सांगितलं. बाळंतिणीला न्यायला पावसात गाडी येत नाही, दुधाचे कॅन दोनदा उलटले, हेही सांगितलं. मी अभिनंदन केलं. पुतणीने पण केलं, जरा वेळाने. मग त्यांनी विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात? मी गुऱ्हाळाच्या मालकांचं नाव घेतलं. ते म्हणाले, त्यांचा नातू आता मंड्याला असतो, फोन देऊ का? दिला. पुतणीने तो आपल्या मोबाइलमध्ये नोंदवला आणि विचारलं, हे लोक अजून कुठे गूळ करतात का, आणि तिथवर रस्ता कच्चा आहे का?