हरवलेली नोंदवही

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेत ग्रंथालय आहे ना? तेथे कपाटे असतात, कपाटांत पुस्तके असतात आणि ग्रंथपालांच्या टेबलावर एक जाडजूड नोंदवही असते. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात, कितव्या खणात आहे, हे त्या वहीत लिहिलेले असते. आता समजा, ती वही एके दिवशी हरवली. मग पुस्तके नाहीशी झाली का? नाही. ती जागच्या जागीच आहेत. फक्त ती शोधायची कशी, हे कोणाला कळत नाही.

संगणकाच्या हार्ड डिस्कचेही असेच असते. हे एकदा नीट समजले, की संगणक अडला तरी आपण घाबरत नाही.

हार्ड डिस्क म्हणजे संगणकाचे कोठार. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. ती कपाटाएवढी मोठी होती. तिच्यात ५० तबकड्या होत्या, तरी तिच्यात मावत जेमतेम ५० लाख अक्षरे! आज बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये त्याच्या हजारो पट मजकूर राहतो.

एवढ्या मोठ्या जागेचे भाग पाडता येतात. शेतकरी शेतात बांध घालतो ना, तसे. या भागांना पार्टिशन म्हणतात. संगणकावर दिसणारे 'सी' आणि 'डी' हे बहुधा एकाच डिस्कचे असे दोन भाग असतात. मग 'ए' आणि 'बी' कोठे गेले? ती अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली होती. फ्लॉपी गेली, पण सवय राहिली!

प्रत्येक भागाची स्वतःची नोंदवही असते. ती ठेवण्याच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात. या पद्धती अनेक आहेत. पेन ड्राइव्हवर पुष्कळदा फॅट३२ असते, विंडोजच्या संगणकावर बहुधा एनटीएफएस असते, तर लिनक्सवर एक्स्ट४ असते. प्रत्येकीचे नियम वेगळे. फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल ठेवता येत नाही. म्हणून पेन ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही कधी कधी मोठी चित्रफीत उतरत नाही. लोक म्हणतात, "पेन ड्राइव्ह खराब झाला." तो खराब नसतो, त्याच्या वहीचा नियमच तसा असतो.

आता एक अनुभव सांगतो. मालेगावात आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. आम्ही सारे त्यांना मास्टरसाहेब म्हणतो. यंत्रमागावर आयुष्य घालवलेल्या वृद्ध कारागिरांना भेटून त्यांनी त्यांच्या बोलण्यातले शब्द गोळा केले होते. धाग्याचे शब्द, मागाचे शब्द, मजुरीचे शब्द. त्यांतील काही कारागीर आज हयात नाहीत. जुन्या वह्या पावसात भिजून गेल्या होत्या. सगळा संग्रह संगणकाच्या 'डी' भागात होता.

एके संध्याकाळी काम चालू असताना वीज गेली. वीज आल्यावर संगणक सुरू झाला, पण 'डी' उघडेना. पडद्यावर सूचना आली, की हा भाग वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का? त्यांचा नातू 'हो'वर बोट ठेवणार, इतक्यात मास्टरसाहेबांनी त्याला थांबवले आणि मला हाक मारली. म्हणाले, "बेटा, जे कळत नाही त्याला 'हो' कशाला म्हणायचे?"

किती शहाणपणाचे बोलणे! फॉरमॅट करणे म्हणजे जुनी वही फाडून नवी कोरी वही ठेवणे. आजच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट केले, तर वहीबरोबर पुस्तकेही पुसली जातात.

मी प्रथम डिस्कला कान लावला. आतून टकटक असा आवाज येत असेल, तर यंत्रच बिघडले असे समजावे आणि संगणक लगेच बंद करावा. तसा आवाज नव्हता. म्हणजे बिघाड बहुधा वहीत होता. तरीही मी लगेच दुरुस्तीला हात घातला नाही. दुसरी मोठी डिस्क आणली आणि जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवली. यात रात्र गेली. पुढचे सारे काम मी त्या नकलेवरच केले. हात चुकला असता, तरी मूळ डिस्क सुरक्षित होती.

एनटीएफएसची एक चांगली सोय आहे. त्या भागाच्या अगदी आरंभी त्याची मुख्य माहिती असते आणि तिचीच एक प्रत भागाच्या शेवटी ठेवलेली असते. आरंभीची माहिती बिघडली होती. शेवटची प्रत शाबूत होती. टेस्टडिस्क नावाच्या मोफत प्रोग्रॅमने ती प्रत पुढे आणून ठेवली. संगणक पुन्हा सुरू केला आणि 'डी' उघडला! मास्टरसाहेब एकेक शब्द मोठ्याने वाचू लागले. प्रत्येक शब्दाबरोबर तो सांगणाऱ्या कारागिराचे नावही घेत होते.

फक्त एक फाइल उघडली नाही. वीज गेली त्या क्षणी तीच लिहिली जात होती. पण तिच्यातील शब्दांची वही मास्टरसाहेबांच्या टेबलावरच होती. दोन दिवसांत ते शब्द पुन्हा उतरवून झाले.

मित्रांनो, तुमच्यावर असा प्रसंग आला तर काय कराल? फॉरमॅटला 'नाही' म्हणा. त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नका, कारण नवे अक्षर जुन्या अक्षरावर बसले, की जुने परत येत नाही. आधी नक्कल करा, मग दुरुस्ती. एसएसडी नावाच्या नव्या डिस्कमध्ये तर पुसलेली माहिती फार लवकर कायमची जाते. तेथे अधिक सावध राहा.

आणि सर्वांत सोपा उपाय तर आजच करता येईल. जे गेल्यावर पुन्हा मिळणार नाही, त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. मास्टरसाहेबांचा संग्रह आता तीन ठिकाणी आहे, आणि त्यांतील एक प्रत कागदावर आहे.