राखेचे वजन
वाशिम जिल्ह्यातील एका शाळेत आम्ही ज्वलन शिकवीत होतो. एका मुलाने विचारले, "सर, राख हलकी भरते, म्हणजे लाकडातून काही निघूनच जाते ना?" आम्ही "चूक!" म्हणून त्याला खाली बसविले. वास्तविक लाकडातून वायू निघून जातातच. पुढे वाचनात आले, अठराव्या शतकातील विद्वानही असेच मानीत. त्या द्रव्यास ते 'फ्लॉजिस्टन' म्हणत. १७७४ साली ऑक्सिजन मिळविणारे धर्मोपदेशक प्रीस्टली अखेरपर्यंत त्याच मताचे राहिले! लाव्हाझिएने मात्र बंद पात्रात कथील तापवून तराजू पुढे केला : एकूण वजन तेवढेच, भस्म मात्र जड.

आता आम्ही व्याख्येआधी त्या मुलाचाच प्रश्न मांडतो, मग लोखंडाचा बारीक कीस जाळून तोलतो. तो जड भरतो. त्या मुलाने मात्र वर्षभर पुन्हा हात वर केला नव्हता.