मोत्यांची पिशवी मिळालेला माणूस

बोईसरहून तारापूरकडे जाताना आमचं गाव लागतं. घरातून समुद्र दिसत नाही, पण वारा फिरला की सुक्या बोंबलाचा वास ओटीवर येतो. मी शेतकरी माणूस. पावसाळ्यात भात, ते कापलं की त्याच ओलीवर वाल, एवढी माझी शेती. शिकलो दहावीपर्यंत. पुस्तकांचा नाद मात्र त्याआधीच लागला, आणि त्याला कारण झाली तारापूरची वीज.

१९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. चार-पाच वर्षांनी मी आठवीत होतो. गुरुजी वर्गात म्हणाले, "पोरांनो, विजेवर चालणारी पाणबुडी एका फ्रेंच माणसाने शंभर वर्षांमागेच कागदावर चालवून दाखवलीय." आणि ज्युल व्हर्नच्या गोष्टीचं एक मराठी पुस्तक त्यांनी माझ्या हातात ठेवलं. भा. रा. भागवतांसारख्यांनी व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या, म्हणून आमच्यासारख्या खेड्यातल्या पोरांना कॅप्टन नेमो भेटला. ती कादंबरी फ्रान्समध्ये १८६९ सालीच क्रमशः छापायला लागली होती.

वर्गातली पोरं नेमोवर खूश. माझ्या डोक्यात मात्र दुसराच माणूस बसला. त्याला नाव नाही. मी वाचलेल्या छोट्या पुस्तकात तो जेमतेम आला नि गेला. पुढे लेकीने मोठं इंग्रजी पुस्तक आणलं आणि संध्याकाळी मला अर्थ सांगत वाचलं. त्यातही त्याच्या वाट्याला दोन-तीनच पानं.

तो सिलोनच्या किनाऱ्यावरचा मोती काढणारा पाणबुड्या. होडीला दोर बांधलेला, पायात दगड धरलेला. दगडाच्या भाराने तो तळाशी जातो, हाताने शिंपले ओरबाडतो, पिशवीत भरतो आणि अर्ध्या मिनिटात वर येतो. श्वास घेतला की पुन्हा खाली. नेमो आणि त्याचे सोबती पाणबुड्याचा पोशाख घालून खडकाआडून बघत असतात. तेवढ्यात शार्क येतो. त्याच्या शेपटीचा तडाखा बसून हा माणूस तळाशी पडतो. नेमो सुरा घेऊन शार्कच्या अंगावर जातो, आणि शेवटी हार्पूनवाला नेड लँड शार्कला मारतो. मग पाणबुड्याला त्याच्याच होडीत नेऊन शुद्धीवर आणतात. डोळे उघडतो तर चार तांब्याची डोकी त्याच्यावर वाकलेली! नेमो खिशातून मोत्यांची पिशवी काढून त्याच्या हातात देतो. हा ती थरथरत्या हाताने घेतो. बस, संपला त्याचा भाग.

हा नेमो मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र, सत्तावनच्या उठावात लढलेला, हे व्हर्न पुढच्या एका पुस्तकात सांगतो. म्हणजे त्याने आपल्याच माणसाला वाचवलं. पण डोक्यावर तांब्याचं टोप, बोलणार कसं? नाव विचारायचं राहिलंच.

मी शेतकरी, म्हणून मला वेगळे प्रश्न पडतात. मोत्यांचा हंगाम मार्चात, असं पुस्तकातच आहे. तेव्हा शेकडो होड्या निघतात. मग हा जानेवारीत एकटाच का बुड्या मारतो? आमच्याकडे नारळी पौर्णिमेआधी दर्यात होडी घालू नये म्हणतात, तरी एखादा घालतो. आषाढात कणगीचा तळ दिसला की आम्हीही उभं पीक बोलून टाकतो. हंगामाआधी हात घालणाऱ्याच्या घरी काय चाललंय, ते वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरं म्हणजे, सिलोनच्या मोत्यांवर मक्ता इंग्रज सरकारचा. हंगामाआधी शिंपले काढले म्हणजे चोरीच. मग एवढे मोती घेऊन हा जाणार कुणाकडे? व्यापारी आधी त्याचे हात बघणार, मग विचारणार, कुठून आणलेस? चार तांब्याच्या डोक्यांनी दिले म्हणून सांगितलं तर कोण ऐकणार?

हे मला सुचतं, कारण असा थरथरता हात मी पाहिलाय. मी दहावीत असताना आमची खालची दोन एकर संपादनात गेली. बाबा मोबदल्याचा कागद घेऊन घरी आले. तो कुठे ठेवावा हेच त्यांना कळेना. शेवटी वालाच्या बियाण्याच्या डब्यात ठेवला. बँकेत खातं नव्हतं. ओळख द्यायला ज्याला नेलं, त्याने ओळखीचेही पैसे घेतले. कधी दारात न आलेली माणसं उसने मागायला आली. उरल्या पैशांत बाबांनी झकास बैलजोडी घेतली. पहिल्या दिवशी तिला घेऊन ते जुन्याच वाटेने खाली गेले. तिथे तारेचं कुंपण. बराच वेळ उभे राहिले आणि जोडी वळवून आणली. घरी कुणाशी बोलले नाहीत.

म्हणून मला वाटतं, त्या पाणबुड्याने घरी जाऊन पिशवी चुलीमागे पुरली असेल. एखादा मोती विकला असेल, तोही कवडीमोलाने. आणि मार्च आला तसा चार लोकांबरोबर पुन्हा पायात दगड धरून खाली गेला असेल. मोती घरात आहेत हे लपवायचं, तर बुडी मारायला जायलाच हवं. घरी बसला तर गाव विचारेल, खातोस काय? शार्क तर तिथे होताच, आणि या खेपेला नेमो नव्हता.

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या बिचाऱ्याचं काहीच चांगलं होऊ देत नाही."

मग मला आयेची आठवण झाली. बाबांना न सांगता तिने मोबदल्यातल्या थोड्या नोटा बाजूला काढल्या होत्या. त्या तांदळाच्या मडक्यात ठेवल्या होत्या, हे आम्हाला दहा-बारा वर्षांनी कळलं. मी विहिरीवर इंजिन बसवायचं म्हणत होतो आणि पैसे कमी पडत होते, तेव्हा तिने मडक्यात हात घातला. नोटांना वास येत होता, पण चालत्या होत्या. त्या इंजिनावर मी मिरची घेतली, आणि लेकीचं शिक्षणही त्यातूनच झालं.

त्या पाणबुड्याचीही बायको असेल. व्हर्नने तिच्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. पण पिशवी पुरायच्या आधी तिने एक मोती काढून घेतला असेल, असं मी लेकीला सांगितलं. तिला ते पटलं.